चार फूट वाढलेला पूल

सभेला साडेपाच तास उरले होते आणि नदीवरचा पूल चार फुटांनी वाढला होता.

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर नकाशे काढणाऱ्या बाई आपल्या टेबलापाशी उभ्या होत्या. बावीस वर्षं त्या हेच काम करत होत्या, म्हणून सगळं कार्यालय त्यांना नकाशेबाईच म्हणायचं. समोर नव्या वसाहतीचा नकाशा पसरला होता. त्याचे कोपरे वळू नयेत म्हणून एका बाजूला पंचिंग मशीन, दुसऱ्या बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला होता. काम शेवटचं आणि सोपं होतं. जुन्या मोजणीच्या वहीतल्या दोन-चार उंच्या नव्या मोजणीशी ताडून पाहायच्या आणि खाली सही करायची. चार वाजता सभा होती. सभेत शिक्का बसला की दुसऱ्या दिवसापासून भराव टाकणारी वाहनं सुटणार होती.

पुलाची उंची जुन्या वहीत चौऱ्याण्णव फूट होती. नव्या मोजणीत अठ्ठ्याण्णव.

शिपाई चहा घेऊन आला, तेव्हा बाईंनी विचारलं, "काय हो, नदीवरचा पूल मधे कधी दुरुस्तीत उचलला होता का?"

"पूल?" शिपाई हसला. "अहो बाई, पूल काय पोरगं आहे वाढायला? माझ्या आजोबांनी बघितला तेवढाच आहे तो. वाढतंय ते आपलं शहर."

ते मात्र खरं होतं. पश्चिमेला टेकडी, पूर्वेला नदी आणि मधल्या पट्ट्यात हे छोटं शहर वसलं होतं. शेजारच्या मोठ्या शहरात जागा उरली नव्हती, म्हणून माणसं इकडे सरकत होती. एका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहत होती. वाढायचं कुठे? टेकडीचा खांदा खडकाळ आणि चढाचा. तिथे पायवाट काढायची तरी दमछाक. मग उरली ती नदीच्या वळणातली पसरट, खोलगट जमीन. तिला सगळे बशी म्हणत. पूर्वी बशीत पाणी साठायचं, लव्हाळी माजायची, पाखरं उतरायची. गेली काही वर्षं ती कोरडीच होती. तिथे पोरं चेंडू खेळत होती. कोरड्या जमिनीला ओल्या दिवसांची आठवण कोण करून देणार? नव्या नकाशात बशीमध्ये बाराशे घरं होती, शाळा होती, बाळंतपणाचं रुग्णालय होतं.

नव्या मोजणीप्रमाणे बशीची उंची एकोणनव्वद फूट. आजवरचा सगळ्यात मोठा पूर अठ्ठ्याऐंशी फुटांपर्यंत आला होता, असं जुनी वही सांगत होती. म्हणजे बशी पुराच्या वर एक फूट. त्या एका फुटावर सगळी वसाहत उभी होती.

पुराचा आकडा जुन्या वहीतला आणि बशीचा आकडा नव्या मोजणीतला. दोन्ही एकाच कागदावर शेजारी-शेजारी नकाशेबाईंनीच आपल्या हाताने लिहिले होते. नव्या मोजणीत पूल चार फूट जास्त भरत असेल, तर बशीसुद्धा चार फूट जास्तच भरली असणार! त्यांनी पेन्सिलने कोपऱ्यात वजाबाकी केली. एकोणनव्वदातून चार गेले, पंच्याऐंशी. पुराच्या खाली तीन फूट.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी बहीण होती.

"ताई, आज शिक्का बसतो ना गं?"

धाकटी, तिचा नवरा आणि मुलगी एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत राहत होती. खाली दिवसभर हवा भरण्याचं यंत्र धडधडायचं. सहा वर्षं वाट पाहून यादीत नाव लागलं होतं. तिसरी रांग, तळमजला.

"अगं बोल की! तुझी भाची तर रुसून बसलीय. काल तिची उंची मोजली, तीन फूट भरली बरोबर. भिंतीवर रेघ मारायला गेले तर म्हणते, इथे नाही, नव्या घराच्या दाराला मारायची. घरमालकही ओरडतोच रेघा मारल्या की. आम्ही सगळे येतोय सभेला."

"ये," एवढंच नकाशेबाई म्हणाल्या.

त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या. शहराची आखणी करणारे हे साहेब कामाला वाघ होते. गेलं वर्षभर त्यांनी या वसाहतीसाठी घरचं जेवण गरम खाल्लं नव्हतं.

"बाई, नवी मोजणी यंत्राने झालीय," ते मान वर न करता म्हणाले. "जुनी वही चुकली असेल."

"यंत्र बरोबरच आहे, साहेब. पण ते कुठून मोजायला लागलं?"

साहेबांनी मान वर केली. शहरातली प्रत्येक उंची एका दगडापासून मोजली जायची. नगरपालिकेसमोरच्या चौकात, जुन्या पाणीघराच्या भिंतीलगत तो खुणेचा दगड होता. त्याच्यावर आकडा कोरलेला होता, शंभर. दगडाचा माथा शंभर फूट धरायचा आणि मग बाकी सगळं त्याच्या वर किंवा खाली मोजायचं, ही रीत.

"दगड चार फूट खाली आला असेल आणि आकडा शंभरच राहिला असेल, तर आपल्याला सगळं शहर चार फूट उंच दिसणार," नकाशेबाई म्हणाल्या.

"दगड काय पाय फुटून खाली उतरला?" साहेब चिडले. "बाहेर जाऊन बघा, किती माणसं आशा लावून बसलीत. तुमच्या एका शंकेवर सभा मोडू? चार वाजेपर्यंत पुरावा आणा. नाहीतर सही करा." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "पाण्यात राहून माशाशी वैर धरू नका, बाई. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

दगडाची कुंडली कोणाला माहीत असणार? शहरात असा एकच माणूस उरला होता आणि तो नकाशेबाईंच्या घरातच होता. त्यांचे सासरे.

सासऱ्यांनी चौतीस वर्षं मोजणीखात्यात उंच मोजपट्टी धरण्याचं काम केलं होतं. मोजणारे साहेब दुर्बिणीतून बघत आणि सासरे दूर पट्टी धरून ताठ उभे राहत. सारं शहर त्यांना पट्टीवाले म्हणे. पट्टीवाल्यांचं माप म्हणजे सूतभरही चुकायचं नाही, अशी ख्याती होती. निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं मानपत्र बाहेरच्या खोलीत काचेत लावलेलं होतं आणि ते तिरकं झालं की पट्टीवाले स्वतः उठून सरळ करत.

बाई घरी पोचल्या तेव्हा पट्टीवाले आणि शेजारचे म्हातारे गवंडी बुद्धिबळाचा पट मांडून बसले होते.

"सूनबाई, आत्ता कशी आलीस? बरं नाही का?"

"बाबा, चौकातला खुणेचा दगड कधी हलवला होता का?"

पट्टीवाल्यांनी घोडा उचलला होता. तो हातातच राहिला.

"दगड आहे तिथेच आहे," ते म्हणाले.

गवंड्यांनी पटावरून नजर काढून मित्राच्या हाताकडे पाहिलं. नकाशेबाईंनीही पाहिलं. घोडा घरात बसत नव्हता.

"बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "आपला पूल चार फूट वाढलाय."

मग पट्टीवाल्यांनी घोडा पटाबाहेर ठेवला आणि ते भिंतीकडे बघत सांगायला लागले. अकरा वर्षांपूर्वी चौकातला चढ कापून रस्ता खाली घेतला होता. जड गाड्या चढताना बंद पडत म्हणून. दगड उघडा पडून लोंबकळायला लागला. तेव्हाच्या मोजणीसाहेबांनी सांगितलं, काढा आणि खाली बसवा, आकडा आपण नंतर बदलू. पट्टीवाल्यांनी दगड चार फूट खाली बसवला. आकडा बदलायचा राहिला.

"मी एकदा आठवण केली. साहेब म्हणाले, बघू. मग ते बदलून गेले, पुढे वारले. मग माझी निवृत्ती जवळ आली. म्हटलं, आता कशाला उकरायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"बाबा, तुम्हाला हे सभेत येऊन सांगावं लागेल."

"मी?" पट्टीवाले ताडकन उठले. "ते साहेब गेले. मी एकटा उरलोय. सगळं माझ्या डोक्यावर येईल! आयुष्यभर कमावलेलं नाव एका दुपारी मातीत घालू? लोक म्हणतील, पट्टीवाल्याने गाव बुडवलं."

"अजून कोणी बुडवलेलं नाही, बाबा. चार वाजता बुडवणार आहेत."

"मी हुकमाचा ताबेदार होतो. सांगितलं ते केलं."

आता गवंडी बोलले. हा माणूस बोलायला लागला की भिंत रचल्यासारखा बोलायचा, एकावर एक वीट.

"पट्टीवाले, मी पन्नास वर्षं भिंती बांधल्या. ओळंबा चुकला तर भिंत पडते. पडताना ती विचारत नाही, हुकूम कोणाचा होता. खाली जो उभा असेल त्याच्यावर पडते."

"तू मला शिकवतोस?"

"शिकवत नाही. मीही एक भिंत वाकडी बांधली होती, ठाऊक आहे तुम्हाला. मुकादम म्हणाला, गिलाव्यात झाकून टाक. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी पहारीने पाडली. अर्धं शहर हसलं मला. पण त्या घरात आज माणसं नांदतात. तुम्ही दगड खाली बसवलात ती चूक नव्हतीच. सांगितलं नाहीत, ती चूक. केलेली चूक एका दिवसाची असते हो. राहू दिलेली चूक रोज नव्याने होते. अकरा वर्षं तुम्ही ती रोज करताय."

पट्टीवाल्यांचा चेहरा काळवंडला. ते आतल्या खोलीत गेले. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

नकाशेबाईंनी दोनदा दार वाजवलं. कडी निघाली नाही. घड्याळात अडीच वाजले होते. त्या एकट्याच परत निघाल्या.

चार वाजता सभागृह भरून गेलं. खुर्च्या संपल्या, माणसं भिंतींना टेकून उभी राहिली. पहिल्याच रांगेत धाकटी बसली होती, मांडीवर भाची. भाचीने मावशीला हात केला. नकाशेबाईंनी मान खाली घातली.

नकाशा वाचून झाला. साहेबांनी तो टेबलावर सरकवला आणि पेन पुढे केलं. "बाई, सही."

"मी सही करणार नाही," नकाशेबाई म्हणाल्या.

सभागृहात कल्लोळ उठला.

"का नाही?"

"हिला घर आहे ना, म्हणून!"

"आमची पोरं अजून किती वर्षं कोंडून ठेवायची?"

नकाशेबाईंनी सगळं सांगितलं. पूल, दगड, वजाबाकी. लोक ऐकत होते आणि ऐकत नव्हते. धाकटी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, माझंच घर आडवं आलं तुला?"

याहून मोठा घाव कोणता? तरीही नकाशेबाईंनी पेन उचललं नाही.

"बाई," साहेब म्हणाले, "मान्य केलं की चूक असेल. जोतं एक फुटाचं धरलंय, ते अजून वाढवू. चार फुटांसाठी बाराशे घरं अडवायची?"

"साहेब, जोतं घराचं वाढेल. रस्त्याचं काय? शाळेच्या मैदानाचं? बाळंतिणीला रुग्णालयात कशातून नेणार? आणि बशी भरावाने भरली तर नदीचं पाणी जाईल कुठे? ते जुन्या वस्तीत शिरेल. दारात तीन फूट पाणी म्हणजे किती, ते आकड्यात कळत नाही. ही माझी भाची तीन फुटांची आहे."

धाकटीने पोरीला नकळत छातीशी धरलं.

"पण पुरावा?" साहेबांनी विचारलं. "दगड हलवला हे कोण सांगतं?"

कडी लावलेलं ते दार नकाशेबाईंच्या डोळ्यांपुढे आलं. सासऱ्यांचं नाव त्यांच्या ओठांवर होतं, पण ते त्यांनी घेतलं नाही. ते सांगायचं तर ज्याचं त्यानेच सांगायला हवं होतं.

इतक्यात खालून ठोकण्याचा आवाज आला. ठक्. ठक्. ठक्.

शिपाई धापा टाकत वर आला. "साहेब! पट्टीवाल्या बाबांनी चौकातला फळा काढलाय! भिंत फोडताहेत!"

सगळी सभा जिना उतरून चौकात आली. पाणीघराच्या भिंतीवर नगरपालिकेचा मोठा फळा असायचा. नव्या वसाहतीबद्दल हरकती आणि सूचना मागवणारा कागद त्याच्यावरच डकवलेला होता. तो फळा आता जमिनीवर आडवा पडला होता आणि पट्टीवाले छिन्नीने त्याच्यामागचा गिलावा खरवडत होते. घामाने अंग भिजलं होतं. शेजारी गवंडी पारदर्शक नळीचं वेटोळं घेऊन उभे होते. नळीत पाणी भरलेलं होतं, दोन्ही टोकांना एकाच पातळीत थांबणारं.

गिलाव्याचा पापुद्रा गळून पडला. खाली काळ्या दगडात बोटभर लांब, सरळ, आडवी रेघ कोरलेली होती.

"ही माझ्या हातची," पट्टीवाले म्हणाले. त्यांनी गर्दीकडे तोंड केलं. "दगड खाली उतरवायच्या आधी त्याच्या माथ्याशी ही खूण मी केली होती. पुढे कोणी विचारलं तर दाखवता यावी म्हणून. कोणी विचारलं नाही. मग गिलावा झाला, फळा लागला आणि मी सुटकेचा श्वास टाकला! रोज इथून जात होतो. रोज फळ्याकडे बघून मान वळवत होतो."

त्यांनी आपली जुनी मोजपट्टी दगडाच्या माथ्यावर उभी केली. हात म्हातारे होते, पण पट्टी ताठ होती. गवंड्यांनी नळीचं एक टोक भिंतीवरच्या रेघेपाशी धरलं आणि दुसरं साहेबांच्या हातात दिलं.

"पट्टीला लावून धरा साहेब. मी इकडचं पाणी रेघेला आणतो. मग तुमच्याकडे ते कुठे थांबतं ते वाचा. पाण्याला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून त्याला खोटं बोलता येत नाही."

नळीतलं पाणी खाली-वर हिंदकळलं. शेकडो माणसं श्वास रोखून त्या बोटभर पाण्याकडे बघत होती. पाणी हळूहळू थांबलं.

साहेबांनी वाकून वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"चार फूट," ते म्हणाले.

"बरोबर चार," पट्टीवाले म्हणाले. "सूतभर कमी नाही, जास्त नाही. माप माझं कधी चुकलं नाही. मी चुकलो! मला जी काय शिक्षा द्यायची ती द्या. पण त्या बशीत पोरांना झोपवू नका."

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अकरा वर्षं झोपला होतात का?" पट्टीवाल्यांनी मान खाली घातली आणि हात जोडले.

साहेबांनी नळीचं टोक गवंड्यांच्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "बाबा, तुम्ही एकदा तरी आठवण केली होतीत. मला सकाळी बाईंनी सांगितलं तेव्हा मी दगड बघायला दोन जिनेसुद्धा उतरलो नाही. तुम्हाला मी काय शिक्षा देणार?" ते सभेकडे वळले. "आज शिक्का बसणार नाही. सगळं पुन्हा मोजायचं. घरं टेकडीच्या खांद्यावर नेऊ. चढ आहे, वेळ लागेल, पण जागा पक्की आहे. आणि बशी पाण्याची आहे. ती पाण्याला राहू दे."

यादीतली माणसं खुशीने घरी गेली, असं कोणी समजू नये. कित्येक जण शिव्या देत गेले. धाकटी दोन महिने ताईशी बोलली नाही. ती आजही टायरच्या दुकानावरच राहते, कारण टेकडीवरच्या पायऱ्या अजून पुऱ्या व्हायच्या आहेत. पण मागच्या महिन्यात ती मुलीला घेऊन ताईकडे आली आणि काही न बोलता तिला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं. पट्टीवाल्यांनी पेन्सिलने रेघ मारली. सव्वातीन फूट.

"नव्या घरी ही रेघ कशी न्यायची?" पोरीने विचारलं.

"मोजून नेऊ," पट्टीवाले म्हणाले. "आणि घर बदललं की आकडा पुन्हा तपासू."

मोठा पूर त्यानंतर आलेला नाही. न येवो. तो आला नाही म्हणून काही लोक अजूनही पट्टीवाल्यांना 'चारफुटे' म्हणून चिडवतात. ते हसतात. भिंतीवरचं मानपत्र त्यांनी उतरवून ठेवलंय. चौकातल्या दगडावरचा शंभर मात्र त्यांनी स्वतः छिन्नीने पुसला आणि तिथे शहाण्णव कोरला.

बंधू-भगिनींनो, शहर वाढायलाच हवं. माणसाला घर हवं, पोराला अंगण हवं. पण नदीची जागा, टेकडीचा उतार, पाण्याची वाट या गोष्टी आपल्या शिक्क्याला विचारून ठरत नाहीत. कागद जमिनीशी ताडून बघावा लागतो आणि त्यासाठी खुर्ची सोडून जिना उतरावा लागतो. चूक झाली असेल तर ती झाकू नका, मग ती आपली असो, घरातल्याची असो की वरच्याची. झाकल्या मुठीने अब्रू राहत असेल, पण पाणी अडत नाही. आपल्याही गावात असा एखादा दगड असेल. आज त्याच्याकडे जाऊन बघा. आणि तो आपल्याच हाताने खाली बसला असेल, तर चार वाजायच्या आत सांगून टाका.